आईला वाळू बघायची होती

या हिवाळ्यात कुठं जायचं, हा विषय आमच्या घरी दिवाळीचा फराळ संपायच्या आतच निघाला. संजयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, केरळ हवं होतं. आमच्या लेकीला, ऋतुजाला, जिथं बर्फ असेल ते कुठलंही गाव चाललं असतं. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळं या घरात नकाशा उघडण्याचा मान माझा. पण मत मात्र कुणी विचारत नाही. त्या आठवड्यात माझे आई-अण्णा गावाहून, पिशोरहून, आमच्याकडं शहरात गारखेड्याला आले होते, अण्णांचे डोळे तपासायला. आमची भांडणं रंगात आली होती आणि आई खाली बसून मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली,

"मला वाळवंट बघायचं हाय."

माझ्या आईला 'मला अमुक हवंय' असं म्हणताना मी तोवर ऐकलंच नव्हतं. तिची वाक्यं 'तुला काय करू?' अशीच सुरू होतात.

"वाळवंट? ते कुठून आणलंस डोक्यात?" अण्णांनी विचारलं.

"ही शाळंत व्हती तव्हा मोठ्यानं वाचायची," आई माझ्याकडं बोट करून म्हणाली. "तिकडं पाऊसच पडत नाय म्हणून. मी हिला इचारलं व्हतं, मग तिथल्या बाया पाणी कुठून आणतात? तर म्हणली, पुस्तकात दिलं नाय."

मला हे काडीचंही आठवत नव्हतं. पण उत्तर अगदी माझ्यासारखंच होतं, त्यामुळं नाकारता आलं नाही.

अण्णांनी लगेच मोडता घातला. गव्हाला पाणी द्यायचे दिवस. म्हशी कोण बघणार? शिवाय वाळूच बघायची तर आपल्या नदीला काय कमी आहे? "अन् इथं वेरूळ बघायला सगळ्या जगातून माणसं येतात, तुम्ही निघाले उलटे तिकडं." दरसालच्या चैत्रात खुलताबादच्या मारुतीला जाऊन येणं, हाच त्या दोघांचा आजवरचा मोठा प्रवास. पण ऋतुजानं आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून मोबाइलवर त्यांना जोधपूरचा किल्ला दाखवला, तेव्हा ते जरा विरघळले. पुतण्या रावसाहेब शेत बघेल असं ठरलं. अण्णांच्या अटी दोनच: ज्वारीचं पीठ सोबत घ्यायचं आणि रोज सांजच्याला गावी फोन लावून द्यायचा. संजयनं जयपूर, जोधपूर, जैसलमेर असा बेत आखला आणि केरळ पुढच्या साली ढकललं.

जयपूर

रेल्वेच्या प्रवासाचं काय सांगायचं? मधे एकदा गाडी बदलली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यातल्या सगळ्यांना वाटून झाली, आणि जयपूरला उतरलो तेव्हा आईच्या पिशवीत एका अनोळखी बाईंनी दिलेला आवळ्याचा मुरंबा होता.

पुढच्या प्रवासासाठी आम्ही गाडी केली होती. चालकाचं नाव भंवरजी. उंच, मिशीवाले, बोलायला एकदम मऊ. ते आईला मानानं 'माजीसा' म्हणायचे, आणि असं कुणी म्हटलं की आई पदर सावरून बसायची.

आमेरचा किल्ला चढताना अण्णांचं आमच्या देवगिरीशी तुलना करणं सुरू झालं. दरवाजा मोठा आहे, पण आपल्यासारखे खिळे कुठं? तट चांगला आहे, पण खंदक? "शत्रू सरळ चालत आत येईल की वो! आपल्याकडं अंधारीच्या बोगद्यातच त्याचा निकाल." आरसे जडवलेल्या महालात सगळे पर्यटक माना वर करून उभे होते, तेव्हा अण्णांनी विचारलं, "हे पुसतं कोण?" आमच्या वाटाड्यानं आम्हाला पुढच्या दालनाकडं वळवलं. नंतर जंतरमंतरच्या भल्यामोठ्या सूर्यघड्याळापाशी मात्र ते बराच वेळ रमले. सावली कुठं आहे ते बघायचं, मनगटावरचं घड्याळ बघायचं, पुन्हा सावली. दोन्हींत थोडा फरक निघाला. मी भूगोलाच्या बाई असल्याच्या उत्साहात स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ समजावून सांगितली. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी सूर्याचं बरोबर हाय."

जेवायला दाल-बाटी आली. आईनं बाटी फोडली, वास घेतला आणि तिचा चेहरा उजळला. "अगं, ही तर आपली बट्टीच!" आमच्या कन्नडच्या बाजूला वरण-बट्टी घरोघरी होते; इतक्या लांब येऊन माहेरचं माणूस भेटावं तशी ती त्या बाटीकडं बघत होती. अण्णांना मात्र तूप जास्त वाटलं. रात्रीच्या जेवणाआधी ते मुक्कामाच्या ठिकाणच्या स्वयंपाकघरात पिठाची पिशवी घेऊन हजर झाले. निजामाच्या मुलखात मुरलेली आपली हिंदी त्यांनी बाहेर काढली.

"भय्या, हमारी घरवाली कू जरा चूल्हे के पास जाने देव. भाकर टाकती."

तिथला आचारी आधी बिचकला. पण आईनं हातावर थापत थापत भाकरी मोठी केली, ती तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं आणि शेवटी ती जाळावर टम्म फुगली, तेव्हा तिथले सगळे जण मोबाइल काढून उभे राहिले. त्यांच्याकडं बाजरीची रोटी करतात, पण इतकी पातळ नाही. आचाऱ्यानं तिसऱ्या भाकरीला स्वतः हात लावून बघितला. त्याची मधेच फाटली. आई त्याला म्हणाली, "पाणी जरा गरम घ्या, भाऊ." मराठीतच म्हणाली. त्याला कळलं.

जोधपूर

जोधपूरच्या मेहरानगडाखाली गाडी थांबली आणि आम्ही अण्णांच्या तोंडाकडं बघायला लागलो. कातळातून उगवल्यासारखा तो किल्ला. वर बघता बघता अण्णांची टोपी मागं पडली. ती उचलून त्यांनी झटकली, डोक्यावर घातली आणि पुन्हा मान वर केली. ऋतुजानं डिवचलं, "आजोबा, देवगिरी?"

"हां," ते म्हणाले. "हा किल्ला हाय." दिवसभर त्यांनी पुन्हा देवगिरीचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुक्कामाच्या घराच्या गच्चीवर नाश्त्याला बसलो होतो. खाली निळ्या घरांचा सडा पडलेला. कुणाच्या गच्चीवर पापड वाळत होते, कुणी केस वाळवत होतं. तेवढ्यात रावसाहेबाचा फोन आला. विहिरीवरची मोटार जळली होती आणि गव्हाची पाण्याची पाळी आली होती.

अण्णांनी फोन ठेवला, चहा तसाच ठेवला. "जावईबापू, परतीची तिकिटं बघा."

संजय माझ्याकडं बघायला लागला. मी काही बोलणार, तोच आई बोलली. आवाज नेहमीसारखाच, हळू.

"तुम्ही जा. मी वाळवंट बघून येते."

अण्णांना वाटलं ती गंमत करतेय. ते हसले. ती हसली नाही.

"अगं, गहू वाळून जाईल!"

"रावसाहेब हाय की तिथं. तो मोटार बांधून आणील. तुम्ही जाऊन काय मोटारीत बसणार हाय का?"

ऋतुजा फसकन हसली आणि मग तिनंच तोंडावर हात ठेवला. अण्णांच्या चेहऱ्यावर मी राग आधी अनेकदा पाहिला आहे. पण त्या सकाळी राग नव्हता, माणूस ठेच लागल्यावर थांबतो तसं काहीतरी होतं. त्यांनी मफलर गुंडाळला आणि जिना उतरून गेले.

आम्हाला वाटलं, कोपऱ्यावर चहा पिऊन येतील. जेवायची वेळ झाली तरी आले नाहीत. त्यांचा फोन खोलीतच चार्जिंगला लावलेला होता. मग मात्र आम्ही शोधायला निघालो. संजय एकीकडं आणि मी दुसरीकडं अशा त्या गल्ल्यांत शिरलो. सगळ्या घरांना तोच निळा रंग, सगळ्या गल्ल्या वळून पुन्हा तिथंच. मी घंटाघराच्या बाजारात आले तर थेट आमच्या शहरातलं शहागंज: मधे घड्याळाचा मनोरा, भोवती मसाले, बांगड्या, चादरी आणि हातगाड्यांची खेचाखेच. पांढरी टोपी आणि करड्या मफलरचा माणूस बघितला का, असं मी दुकानादुकानात विचारत होते. सगळे आस्थेनं विचार करायचे आणि मग नाही म्हणायचे.

मी परत आले तर आई जिन्याच्या पायरीवर बसलेली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची.

"मी बोलायला नको व्हतं," ती म्हणाली.

"बोललीस ते बरं केलंस."

"तू गप. त्यांना इथलं काय माहीत नाय. भूक लागली तरी मागून खाणार नायत." तिचे डोळे भरले. "ऱ्हाऊ दे ते वाळवंट. ते आले की आपण गावाकडं जाऊ."

भंवरजी गाडीची किल्ली घेऊन आले होते, आता पोलिसांत सांगावं असं आमचं चाललं होतं, तेवढ्यात माझा फोन वाजला. पिशोरहून रावसाहेब.

"ताई, अण्णा तुमच्यापाशी नायत का?"

मी फोन स्पीकरवर टाकला.

"नाय म्हंजी, मला एका हिंदी माणसाच्या फोनवरून फोन आलता. अण्णा जोधपुरात कुठल्यातरी मोटार बांधायच्या दुकानात बसलेत. तिथला मिस्तरी मला हिंदीत सांगायलाय अन् अण्णा मधून मधून मराठीत शिव्या द्यायलेत. तुम्हाला म्हाईत असावं म्हणून केला."

जोधपूरच्या बाजारात हरवलेला माणूस पिशोरमार्गे सापडला होता. रावसाहेबानं दिलेल्या नंबरावर भंवरजी बोलले आणि आम्ही पोचलो. एका बोळात तांब्याच्या तारांची भेंडोळी टांगलेलं, जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणारं एवढंसं दुकान. स्टुलावर अण्णा, हातात चहाचा कुल्हड, पुढ्यात उघडलेली मोटार. चालता चालता त्यांना हे दुकान दिसलं होतं आणि रावसाहेबाचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. माझा नव्हता, कारण माझा फोटोवर बोट ठेवून लागतो. मोटार कन्नडला नेऊन कुणाकडून बांधायची, तार कुठली सांगायची, तोवर शेजारच्या विहिरीचं पाणी कसं वळवायचं, सगळी जोडणी करून झाली होती. मिस्तरी आम्हाला उठूच देईना. "बाबा का गेहूं बच गया," म्हणून त्यानं आम्हालाही चहा पाजला.

बाहेर पडल्यावर अण्णांनी भंवरजींना गाडी थांबवायला लावली आणि एका दुकानातून कागदात बांधलेलं काहीतरी आणलं. मुक्कामाला आलो तर आई तशीच पायरीवर. अण्णा तिच्यापाशी खालच्या पायरीवर टेकले आणि पुडी तिच्या हातात दिली. मिरचीवडा. आपल्या भज्यासारखाच, पण हातभर मिरचीचा आणि आत बटाटा भरलेला.

"खा. तिखट हाय, तुला आवडंल."

आईनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग वड्याकडं. मग अर्धा तोडून त्यांना दिला.

संजय हळूच म्हणाला, "अण्णा, तिकिटांचं..."

"ऱ्हाऊ द्या ना तिकिटं, जावईबापू," अण्णा चावता चावता म्हणाले. "वाळवंट बघायला आलोत ना आपण?"

जैसलमेर आणि त्याच्या पुढं

जैसलमेरचा किल्ला पिवळ्या दगडाचा, आणि त्यात अजून माणसं राहतात, याचं अण्णांना फार कौतुक वाटलं. आमच्या देवगिरीवर वटवाघळं आणि माकडं. इथं तटाच्या आत दोरीवर कपडे, उंबऱ्यावर रांगोळी, एका बुरुजाखाली कुकरची शिट्टी. "असा किल्ला म्हातारा व्हत नाय," ते म्हणाले.

मग ज्यासाठी आलो होतो ते. संध्याकाळी सगळे जातात त्या वाळूच्या टेकड्यांकडं आम्हीही गेलो. आणि तिथं काय? जीपगाड्यांच्या रांगा, घरघर, तंबू, भोंग्यांवर नाचाची गाणी. संजय उंटावर बसला. उंटानं मागचे पाय आधी उचलले आणि आमचे साहेब पुढच्या बाजूनं सरळ वाळूत उतरले. ऋतुजा इतकी हसली की तिलाही उंटावर बसवेना. आम्ही पोट धरून हसत होतो आणि आई मात्र गाडीत परत जाऊन बसली होती.

"काय झालं गं?"

"काय नाय. चांगलं हाय." मग जरा थांबून, "ही तर जत्रा हाय."

माझ्यापेक्षा भंवरजींनाच जास्त लागलं ते. परतताना त्यांनी आरशातून दोनतीनदा आईकडं बघितलं. मग म्हणाले, "माजीसा, कल सुबह मेरी बहन की ढाणी चलो. वहाँ कोई नहीं आता."

दुसऱ्या दिवशी डांबरी रस्ता सोडून गाडी कितीतरी वेळ मऊ वाटेनं गेली. ढाणी म्हणजे आपली शेतातली वस्ती. दोन गोल झोपड्या, एक सिमेंटची खोली, काट्यांचं कुंपण, शेळ्या आणि एक खेजडीचं झाड. भंवरजींची बहीण गवरीबाई, आईपेक्षा थोडी लहान असेल. तोंडावरचा पदर तिनं पुरुष पाठमोरे झाल्यावरच वर केला आणि आईचा हात धरून तिला खाटेवर बसवलं. आईला हिंदी जेमतेम, गवरीबाईंनाही तेवढीच. तरी त्या दोघी लगेच बोलायला लागल्या, एक मराठीत, एक मारवाडीत.

आईनं पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. गवरीबाई तिला घराच्या मागं घेऊन गेल्या. जमिनीत बांधलेलं गोल टाकं, वर झाकण, कुलूपसुद्धा. भोवतीची जमीन टाक्याकडं उतरती करून चोपून काढलेली, पावसाचा थेंब न् थेंब आत जाईल अशी. या टाक्याला ते 'टांका' म्हणतात. गवरीबाईंनी दोर सोडून पाणी काढलं आणि आईला दिलं. आईनं आधी ओंजळीत घेऊन बघितलं, मग प्यायली. थंड आणि गोड होतं.

"अन् पाऊस पडलाच नाय तर?" आईनं आभाळाकडं बोट करून हात झटकला.

"फेर टँकर," गवरीबाई म्हणाल्या.

"टँकर!" आई ओरडलीच. "अगं बाई, इथं पण टँकर?"

मग आईनं उठून दाखवलं, पिशोरला टँकर आल्यावर काय होतं ते: हंडा कमरेला, पाइपासाठी झटापट, शेजारणीच्या घागरीला ढोसणी. गवरीबाईंनी पदर खोचला आणि त्यांच्याकडं काय होतं ते दाखवलं. अगदी तेच. दोघी एकमेकींना कोपरानं ढकलत होत्या, नसलेल्या पाइपासाठी भांडत होत्या, आणि हसून हसून शेवटी टाक्याच्या कठड्यालाच टेकल्या. माझ्या विद्यार्थिनींच्या वह्यांतली वर्षानुवर्षांची वाळवंटं मला त्या क्षणी फार कोरडी वाटली.

घरामागं वाळूची एक उंच टेकडी होती. आईनं चपला काढल्या आणि चढायला लागली. मी हात पुढं केला, तिनं तो बाजूला सारला. गुडघे दुखतात तिचे. पाय अर्धे आत जात होते, दोन पावलं वर आणि एक खाली. अण्णा खालून ओरडले, "पडशील!" तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. मग अण्णांनीही चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि तिच्या मागं निघाले.

मी पोचले तेव्हा ती माथ्यावर उभी होती, धापा टाकत. ढाणी पाठीमागं खाली राहिली होती; समोर सगळी वाळू, वाऱ्यानं उमटवलेल्या बारीक लाटा, आणि वर आभाळ. ना झाड, ना बांध, ना गोठा.

"काहीच नाय गं!" ती म्हणाली. इतक्या आनंदानं म्हणाली, जणू कुणीतरी तिला काहीतरी दिलं होतं. "बघ ना, कुठं काहीच नाय."

मला ते समजायला जरा वेळ लागला. पिशोरला ती ओट्यावर बसली तरी समोर अंगण असतं, अंगणात पसारा असतो, पलीकडं म्हशी, त्यापलीकडं निंदायचं राहिलेलं. तिची नजर जिथं जाईल तिथं काम तिची वाट बघत उभं असतं. अण्णा तिच्याजवळ पोचले, कमरेवर हात ठेवून त्यांनीही बघितलं. एकराला काय पिकत असेल, असं काहीतरी ते बोलतील म्हणून मी वाट बघत होते. ते वाळूत खाली बसले आणि तिच्यासाठी शेजारी हातानं जागा सारखी केली.

दुपारी गवरीबाईंनी बाजरीची जाड रोटी, केर-सांगरीची भाजी आणि ताक वाढलं. संध्याकाळी आमची परतीची रेल्वे होती. जेवण होताच संजय घड्याळ बघायला लागला. आई न सांगता उठली, हात धुतले, पिशव्या आवरायला लागली. खाटेवर पसरलेलं ऋतुजाचं जाकीट तिनं घडी करून ठेवलं, पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या.

अण्णा तिच्याकडं बघत होते. मग म्हणाले, "जावईबापू, आजची गाडी सोडून द्या."

"काय?"

"उद्याची बघा. नाय भेटली तर परवाची."

"अण्णा, मोटार? गहू?"

"रावसाहेब हाय की तिथं," अण्णा म्हणाले. "भंवरजी, तुमच्या बहिणीकू पूछो, आज के दिन रहे तो चलता क्या."

गवरीबाईंनी उत्तर म्हणून आईच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

संजय मोबाइलला रेंज शोधत टेकडीकडं गेला, त्याच्यामागं ऋतुजा शेळीचं पिल्लू कडेवर घेऊन. मी गवरीबाईंबरोबर भांडी घासायला बसले. त्या राखेनं घासत होत्या, मी कपडा फिरवत होते. पाणी इतकं थोडं लागलं की मला शरम वाटली. ताटांचा आवाज होत होता. मागून कुणीतरी "शू" केलं म्हणून मी वळून बघितलं.

खेजडीच्या विरळ सावलीत खाट ओढलेली होती आणि तिच्यावर आई झोपली होती. कुशीवर, हात उशाला, तोंड थोडं उघडं. भर दुपारी झोपलेली माझी आई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. सावली सरकली की अण्णा उठायचे, खाटेचा पाय अलगद उचलून ती सावलीत घ्यायचे आणि पुन्हा शेजारी वाळूत बसायचे. माझ्याकडं बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू," ते म्हणाले. "तिला झोप लागलीय."